नांदणूक

धंतोलीच्या त्या दवाखान्यात कूलरची वाळ्याची ताटी
मे महिन्यातही नीट भिजत नव्हती.
हेमराज उताणा पडलेला.
नवं मूत्रपिंड पाठीशी नसतं,
पुढे, उजव्या जांघेच्या वर बसवतात,
हे सहा वर्षांपूर्वी कळलं तेव्हा मी हसले होते:
म्हणजे पाहुण्याला बाहेरच्या खोलीतच झोपवलं म्हणायचं.

पाहुणं माझं.
मी लग्न होऊन सक्करदऱ्याला आले
आणि ते, माझ्या एकेचाळिसाव्या वर्षी,
गोळीबार चौकात, माहेरी नांदायला गेलं.

क्रिएटिनिन एक पूर्णांक दोनचं दोनवर आलं.
सुई आत गेली, ठक् वाजलं,
आणि काचेवर उतरला दीड सेंटीमीटरचा धागा.
बाबांच्या मागाखाली सापडायचं तसं तुटकं सूत,
फक्त ओलं.

डॉक्टर उमाठेबाईंनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला,
चष्मा कपाळावर सारला.
"सीमेवर आहे. झगडा म्हणावं तर पुरावा कमी,
नाही म्हणावं तर हे चार निळे ठिपके
इथे कोणाची वाट पाहत उभे आहेत?"

बाबा कापड उजेडात धरून खोट शोधायचे.
कधी डोळे मिटून नुसता अंगठा फिरवायचे,
म्हणायचे, दिसायच्या आधी हाताला समजते.

म्हणून दुसरा तुकडा,
तांदळाच्या दाण्याएवढा,
रात्रीच्या विमानानं हैदराबादला.
डब्याला चिकटपट्टी लावता लावता सलमा म्हणाली,
"पेशी कशी दिसते ते नाही पाहत तिथं, ताई.
आतून काय बोलून राहिली ते मोजतात.
पेशी चिठ्ठ्या लिहिते, त्या लगेच विरतात.
या पाण्यात टाकलं की
अर्ध्या वाक्यात थांबतात."

चिठ्ठ्या कोणाच्या?
ती क्षणभर गोंधळली.
"दोघांच्याबी. मूत्रपिंड तुमचं,
त्यात घुसलेल्या पेशी त्यांच्या."

त्या रात्री मला झोप नाही.
हक्कसोड पत्रावर मी सही केली होती.
माग विकला तेव्हा कुणी विचारलं नाही.
वहिनी एकदा, एकदाच, म्हणाली होती, "एकच तर दिली."
हे सगळं गिळलं मी. गिळलेलं जातं कुठे?
समजा, त्या यंत्रात
हजारो अनोळखी लोकांच्या तुकड्यांशेजारी
माझी चिठ्ठी उलगडली
आणि तिच्यात निघालं: मला विचारलं नाही.

आठव्या दिवशी अहवाल आला. नुसते आकडे.
बाईंनी एकाभोवती पेनानं गोल काढला.
"डोळ्याला दिसलं नाही ते हे.
त्याच्या रक्तानं तुमच्या मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या
ओळखल्यात. परक्या म्हणून.
उशीर झालेला नाही. पण झगडा आहे."

म्हणजे तक्रार त्याच्या बाजूनं होती.
सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटलं.
मग पाय कापू लागले.
"आणि मूत्रपिंड? ते काय म्हणतं?"
बाई थांबल्या. कागद पुन्हा पाहिला.
"जखमी आहे. स्वतःला सांधू पाहतंय."

हेमराज भिंतीकडे बघत होता.
"कुंदाताई, गोळ्या मी वेळेवरच घेतो.
म्हणजे, बहुतेक."
पंख्याचे दोन फेरे.
"दिवाळीनंतर धंदा बसला ना.
तीन महिने दोनच्या जागी एक घेतली.
तुला कसं सांगू, आधीच तुझं इतकं..."

पुढचं वाक्य विरलं.

मी काही बोलले नाही.
चादर सारून त्याच्या पोटावरच्या पट्टीलगत
अंगठा फिरवला, बाबांसारखे डोळे मिटून.
काही समजलं नाही.
ऊन लागलेल्या भिंतीसारखं गरम होतं.